बार कोखबा : दंतकथेतला आणि दफ्तरातला



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या गावातल्या दोन पिढ्यांना इतिहास शिकवला. बखर आवडीनं वाचावी, पण निवाडा अस्सल कागद पाहूनच करावा, हा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पठडीतला. म्हणून आजच्यासाठी मी असा एक माणूस निवडला आहे, ज्याच्याविषयी अठराशे वर्षं बखरी, आख्यायिका आणि थोडी नाणी यांपलीकडे काहीच नव्हतं, आणि मग एकाएकी त्याचं दफ्तरच हाती लागलं. इ. स. 132 मध्ये रोमन साम्राज्याविरुद्ध उठलेल्या ज्यूंचा हा पुढारी शिमोन. जग त्याला बार कोखबा म्हणून ओळखतं.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इ. स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसनं जेरुसलेम घेतलं आणि ज्यूंचं मंदिर जाळून जमीनदोस्त केलं. त्या भग्नावशेषांत रोमच्या दहाव्या सैन्यदळानं, म्हणजे लीजननं, तळ ठोकला. मंदिर एकदा पूर्वीही पडलं होतं, इ. स. पू. 586 मध्ये, बॅबिलोनच्या हातून. सत्तर वर्षांनी ते पुन्हा उभं राहिलं. टायटसच्या विध्वंसानंतर जन्मलेली मुलं हा हिशेब ऐकतच मोठी झाली. सत्तरीचा हा आकडा जवळ येत होता, त्याच सुमारास, इ. स. 130 च्या आसपास, सम्राट हेड्रियन त्या प्रांतात आला. जेरुसलेमच्या जागी एलिया कापितोलिना नावाचं रोमन शहर वसवायचं त्यानं ठरवलं. एलियस हे त्याच्या घराण्याचं नाव आणि कापितोलिना हे ज्युपिटर देवावरून आलेलं. कॅशियस डिओ हा रोमन इतिहासकार सांगतो की, मंदिराच्या जागी ज्युपिटरचं देऊळ बांधण्याचाही बेत होता. सुंतेवर बंदी घातल्यामुळे बंड झालं, असं दुसऱ्या एका रोमन ग्रंथात म्हटलं आहे. ही बंदी बंडाच्या आधीची की नंतरची शिक्षा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझ्या मते नव्या शहराचा बेत एकटाच पुरेसा होता. मंदिर पुन्हा उभं राहील या आशेवर जगणाऱ्या माणसांना, आता ते कधीच उभं राहणार नाही, असं त्यातून सांगितलं जात होतं.

बंड उत्स्फूर्त भडक्यानं झालं नाही. तयारी कशी झाली, हे डिओनं नोंदवलं आहे. रोमन सैन्यानं ज्यू कारागिरांकडे शस्त्रं बनवायला दिली, तेव्हा त्यांनी ती मुद्दाम जरा सदोष बनवली. रोमन अधिकारी ती नापास करून परत करत आणि परत आलेली शस्त्रं कारागिरांकडेच राहत. शिवाय जमिनीखाली भुयारं खणली गेली आणि हवा-उजेडासाठी त्यांना वरून झरोके पाडले गेले. ही भुयारं आज आपल्याला पाहता येतात. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला टेकड्यांचा जो पट्टा आहे, तिथला खडू-चुनखडीचा दगड मऊ आहे. घरांच्या खाली, जुन्या पाण्याच्या टाक्या आणि तेलघाणे एकमेकांना जोडत, माणसाला गुडघ्यांवर रांगावं लागेल इतक्या अरुंद वाटा खोदलेल्या आहेत. चिलखत घातलेला रोमन सैनिक त्यातून एका वेळी एकच, आणि डोकं पुढे करूनच येऊ शकला असता. अशी शेकडो ठिकाणं सापडली आहेत. गावंच्या गावं खणत होती आणि कुणी फुटल्याची नोंद नाही.

आता पुढाऱ्याकडे येऊ. बंडाचं सर्वांत सविस्तर वर्णन करणारा डिओ त्याचं नावसुद्धा घेत नाही. दोन शतकांनंतरचा ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस त्याला खुनी दरोडेखोर म्हणतो. ज्यू परंपरेत त्याची प्रतिमा दुभंगलेली आहे. त्या काळचे सर्वांत मोठे धर्मपंडित रब्बी अकिवा यांनी त्याला मसीहा, म्हणजे दाविदाच्या वंशातला तारणहार, ठरवलं, तर योहानान बेन तोर्ता या दुसऱ्या पंडितानं त्यांना तिथल्या तिथे सुनावलं की, दाविदाचा वंशज यायच्या कितीतरी आधी तुम्हीच मातीखाली गेलेले असाल. बायबलमधल्या ताऱ्याच्या भविष्यवाणीवरून पडलेलं 'बार कोखबा' म्हणजे ताऱ्याचा पुत्र, हे नाव आणि पराभवानंतर चिकटलेलं 'बार कोझिबा' म्हणजे लबाडाचा पुत्र, हे नाव, दोन्ही याच परंपरेनं जपली. तालमुद या ज्यू धर्मग्रंथातल्या आख्यायिकांमध्ये तो शिपायांची परीक्षा त्यांना स्वतःचं बोट तोडायला लावून घेतो. पंडित विचारतात, किती जणांना अपंग करणार आहेस? मग तो घोड्यावरून दौडत सीडरचं झाड उपटायला लावतो. लढाईला निघताना देवाला सांगतो की, मदत नको, फक्त आडवा येऊ नकोस. आणि शेवटी, एलाझार या वृद्ध पंडितावर फितुरीचा संशय घेऊन त्याला लाथेनं ठार मारतो. या पापामुळेच बेतार हा त्याचा शेवटचा किल्ला पडला, असं आख्यायिका सांगते.

शत्रूनं नाव पुसलं, आणि मागे उरलेल्या शोकाकुल लोकांनी त्याला दोष दिला. 1950 पर्यंत साक्षीदार होते ते हेच. तिसरी साक्ष तेवढी नाण्यांची होती.

ही नाणी हातात घेऊन पाहावीत अशी आहेत. बंडखोरांनी नवी धातू ओतली नाही. बाजारात चालणारी रोमन नाणी गोळा केली आणि त्यांच्यावरच आपला ठसा मारला. ठसा नीट बसला नाही तिथे खालून सम्राटाचं डोकं, नाक, नावाची दोन अक्षरं अजून डोकावतात. वर मात्र मंदिराचा खांबांचा दर्शनी भाग, सणाची खजुराची झावळी, मंदिरातली वाद्यं आणि मजकूर कोरला आहे. हा मजकूर त्या काळी रोजच्या वापरातून जवळजवळ गेलेल्या प्राचीन हिब्रू लिपीत आहे. पहिल्या वर्षी 'इस्रायलच्या मुक्तीचं वर्ष', दुसऱ्या वर्षी 'इस्रायलच्या स्वातंत्र्याचं वर्ष', नंतर नुसतंच 'जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी'. नवा शक सुरू करणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. खुद्द जेरुसलेमच्या उत्खननांत मात्र ही नाणी अगदी मोजकी निघाली आहेत. ज्या शहराच्या नावानं बंड झालं, ते शहर बंडखोरांच्या हाती बहुधा आलंच नाही.

1951-52 मध्ये मृत समुद्राच्या पश्चिमेला वादी मुरब्बातच्या गुहांमधून पहिली पत्रं बाहेर आली. आधी बदाऊनी लोकांच्या हाती, मग संशोधकांच्या. 1960 च्या वसंतात यिगाएल यादिन यांच्या तुकडीनं नहाल हेवेर या खोल घळईतल्या एका गुहेत खोदकाम केलं. यादिन पूर्वी इस्रायली सैन्याचे सरसेनापती होते, मग पुरातत्त्वज्ञ झाले. त्या गुहेत पाण्याची एक जुनी कातडी पखाल सापडली. तिच्यात एका बाईचं सामान होतं, लोकरीचे गुंडे, मणी वगैरे. आणि त्याबरोबर पपायरसचं एक बांधलेलं पुडकं आणि लाकडाच्या पातळ पट्ट्या. उलगडल्यावर एकूण पंधरा पत्रं निघाली. त्यांपैकी एका लाकडी पट्टीवरच्या पत्राची सुरुवात 'शिमोन बार कोसिबा, इस्रायलचा नासी' अशी आहे. नासी म्हणजे लोकांचा प्रमुख, राजपुरुष. यादिन यांनी ही बातमी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पंतप्रधान बेन-गुरिअन यांच्या समोर सांगितली, तेव्हा बार कोखबा खरोखर होता, आणि त्याचं खरं नाव बार कोसिबा होतं, यावर शिक्कामोर्तब झालं.

ही पत्रं आहेत तरी काय? बहुतेक पत्रं एन गेदी या मृत समुद्राकाठच्या गावच्या दोन अंमलदारांना, येहोनातान बार बायान आणि मसाबाला बार शिमोन यांना लिहिलेली आहेत. भाषा कधी हिब्रू, कधी अरामी, एक-दोन ग्रीक. मजकूर असा : अमक्याचा गहू जप्त करा. तेकोआ गावचे लोक लढाईला न येता तुमच्याकडे लपलेत, त्यांना हुडकून पाठवा; त्यांना आसरा देणाऱ्यांना शिक्षा होईल. येशुआ बार तदमोराया याला पकडून पहाऱ्यात पाठवा आणि त्याची तलवार काढून घ्यायला विसरू नका. एका पत्रात तर तो दोघांना सरळच सुनावतो की, तुम्ही इस्रायलच्या घरचं खात-पीत मजेत बसला आहात आणि तुमच्या भावांची तुम्हाला काही पर्वा नाही. मुरब्बातच्या एका पत्रात येशुआ बेन गल्गुला या दुसऱ्या अंमलदाराला तो आकाशाची साक्ष काढून बजावतो की, गालीलहून आलेल्या माणसांच्या बाबतीत चूक झाली, तर बेन अफलूलच्या पायांत घातल्या तशाच बेड्या तुझ्या पायांत घालीन.

झाडं उपटणारा, देवाला आडवा येऊ नकोस म्हणणारा तो पहिलवान या कागदांत कुठेच नाही. इथे आहे तो वैतागलेला, काटेकोर, रसदीच्या चिंतेत असलेला शासक. एका पत्रात तो गहू घेऊन येणाऱ्या लोकांची शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी कुठे सोय करायची, हे ठरवतो, कारण शब्बाथला प्रवास निषिद्ध. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते किर्यत अरबाया गावच्या येहुदा बार मेनाशेला लिहिलेलं छोटंसं पत्र. सुक्कोतचा, म्हणजे मांडवांचा, सण आला आहे. या सणाला खजुराची झावळी, महाळुंग, मर्टल आणि विलोच्या डहाळ्या अशा चार वस्तू हातात घेऊन प्रार्थना करावी लागते. शिमोन कळवतो की, मी दोन गाढवं पाठवत आहे, त्यांच्याबरोबर दोन माणसं एन गेदीला धाड. तिथून झावळ्या आणि महाळुंगं भरून आण. मर्टल आणि विलोच्या डहाळ्या तू आपल्याकडून पाठव. सगळ्यांतला दशमांश आधी धर्माप्रमाणे बाजूला काढ. कारण छावणीत माणसं पुष्कळ आहेत. रोमचं सैन्य भोवती असताना प्रत्येक शिपायाच्या हाती महाळुंग पडेल की नाही, याचा हिशेब हा माणूस करतो आहे, आणि तोही दशमांशासकट.

एन गेदीच्या खंडपट्ट्यांमधून त्याच्या राज्याची रीत दिसते. शेतं खंडानं दिली जातात ती नासीच्या कारभाऱ्यांकडून. करार लेखी, खंड ठरलेला, तारीख 'शिमोन बार कोसिबाच्या तिसऱ्या वर्षाची'. मुरब्बातच्या खंडपट्ट्यांमध्ये गव्हाचा खंड, तोही दशमांश काढून, कोठारात भरायचा असं लिहिलेलं आहे. कोणत्याही पत्रात किंवा नाण्यावर तो स्वतःला मसीहा म्हणवत नाही. मसीहा त्याला दुसऱ्यांनी केलं. त्याला शेतं, कोठारं, सारा आणि शिस्त यांची काळजी होती.

पण हेच कागद दुसरीही बाजू सांगतात आणि ती लपवणं मला योग्य वाटत नाही. पत्रांतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य आज्ञेचं किंवा धमकीचं आहे. लोक लढाईला यायला टाळाटाळ करताहेत, अंमलदार धान्य आणि गलबताचा माल दाबून ठेवताहेत, आणि शासकाकडे त्यावर एकच उपाय आहे, बेड्या. उठाव जसजसा शेवटाकडे गेला तसा तो आतून उसवत होता, हे त्याच्याच कागदांवरून दिसतं.

तोपर्यंत रोमनं आपली चाल बदलली होती. हेड्रियननं ब्रिटनचा गव्हर्नर ज्युलियस सेव्हेरस याला साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाहून बोलावलं. सेव्हेरसनं मोकळ्या मैदानात लढाई दिली नाही. डिओ सांगतो, त्यानं बंडखोरांना लहान लहान टोळ्यांत वेगळं पाडलं, त्यांची रसद तोडली आणि कोंडून मारलं. नहाल हेवेरमध्ये त्याचा दाखला आहे. पत्रांची गुहा कड्याच्या पोटात आहे, आणि तिच्या थेट डोक्यावर, पठाराच्या काठाला, रोमन छावणीच्या दगडी बांधाचे अवशेष आहेत. समोरच्या कड्यावरच्या दुसऱ्या गुहेवरही तशीच छावणी. शिपायांनी खाली उतरून लढायची गरज नव्हती. पाणी संपेपर्यंत बसून राहणं पुरेसं होतं. त्या दुसऱ्या गुहेत सुमारे चाळीस सांगाडे मिळाले, बायकांचे आणि लहान मुलांचेही.

पत्रांच्या गुहेत 1961 मध्ये आणखी एक पुडकं निघालं, बाबता नावाच्या विधवेचं. पस्तीस कागद, इ. स. 94 पासून 132 पर्यंतचे. मृत समुद्राच्या दक्षिणेला तिच्या खजुराच्या बागा होत्या. पहिला नवरा वारल्यावर मुलाच्या पालकांनी खर्चापोटी महिन्याला दोन दिनार द्यायचं ठरवलं. ते पुरत नाहीत म्हणून ती रोमन गव्हर्नरपर्यंत गेली. दुसऱ्या नवऱ्याला आधीची एक बायको होती, एन गेदीची मिर्याम. मिर्यामच्या वडिलांचं नाव आणि येहोनातान बार बायानच्या वडिलांचं नाव एकच दिसतं. त्यावरून दोघं भावंडं असावीत असा तर्क केला जातो, आणि बाबता या गुहेत का आली, त्याचं उत्तरही त्यात असू शकतं. तिनं पळताना जमिनीचे दाखले, लग्नाचा करार, कर्जाच्या पावत्या सगळं कातडी बटव्यात बांधून आणलं. गुहेत घरांच्या किल्ल्याही मिळाल्या. या लोकांना परत घरी जाऊन कुलूप उघडायचं होतं.

इ. स. 135 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला असलेला बेतारचा किल्ला पडला. शिमोन तिथेच मारला गेला. किल्ल्याभोवती रोमन वेढ्याच्या भिंतीच्या खुणा आहेत, आणि जवळच्या झऱ्यापाशी पाचव्या आणि अकराव्या लीजनचं नाव कोरलेला लेख सापडला आहे. डिओचे आकडे असे : 50 महत्त्वाची ठाणी उद्ध्वस्त, 985 गावं बेचिराख, लढायांत 5,80,000 माणसं ठार, उपासमारीनं आणि रोगानं मेलेली वेगळीच. पूर्वीचे इतिहासकार याला अतिशयोक्ती म्हणत. पण जुडियातल्या ज्या गावांचं उत्खनन झालं, ती जवळजवळ सगळी त्याच काळात ओस पडलेली निघाली. रोमचंही नुकसान इतकं झालं की, सिनेटला पत्र लिहिताना 'मी आणि माझं सैन्य कुशल आहे' हा नेहमीचा मायना हेड्रियननं घातला नाही. कैदी हेब्रोनजवळच्या बाजारात गुलाम म्हणून विकले गेले. अकिवांचा हालहाल करून वध झाला. ज्यूंना जेरुसलेमची बंदी झाली. प्रांताचं नाव जुडिया होतं, ते सिरिया पॅलेस्टिना करण्यात आलं.

बेतार पडल्याचा दिवस ज्यू परंपरेत आव महिन्याची नवमी मानला जातो. दोन्ही मंदिरं याच तिथीला पडली, असं ती परंपरा सांगते. या दिवसाचा उपास आपल्या कोकणातही पाळला जात आला आहे. अलिबाग, रेवदंडा, नवगावकडचे बेने इस्रायल ज्यू, ज्यांना शेजारीपाजारी शनवार तेली म्हणत, त्यांच्या घरी या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत. या उपासाच्या निमित्तानं वालाचं बिरडं केलं जाई. मराठी बोलणाऱ्या घरांनी, मराठी स्वयंपाकातल्या पदार्थानं, जुडियातल्या मंदिरांचा आणि किल्ल्याचा शोक जपला आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झायनवादी, म्हणजे ज्यूंसाठी मायदेश मागणाऱ्या, तरुणांना घेट्टोतल्या वाकलेल्या ज्यूऐवजी उभा राहणारा ज्यू हवा होता, आणि त्यांना बार कोखबा सापडला. 1898 मध्ये बर्लिनमधल्या ज्यू व्यायामशाळेनं त्याचं नाव घेतलं. इस्रायलमध्ये लाग बाओमेरच्या सणाला, त्याच्या बंडाची आठवण म्हणून, मुलं शेकोट्या पेटवून धनुष्यबाण खेळतात. 1982 मध्ये नहाल हेवेरमधल्या अस्थींना पंतप्रधान बेगिन यांच्या उपस्थितीत सरकारी इतमामात मूठमाती देण्यात आली. त्याच सुमारास येहोशाफात हर्काबी, जे कधी काळी लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख होते, त्यांनी उलट मांडणी केली : हे बंड हा अविचार होता, त्यानं आपला देश रिकामा केला, आणि अशा माणसाला आदर्श मानणं हा राष्ट्राला जडलेला विकार आहे. यावर तिथे तीव्र वाद झाला.

हर्काबींच्या मांडणीचा निम्मा भाग मला मान्य आहे. शासकानं पराभवाचीही किंमत मोजून ठेवायची असते, आणि तेवढा हिशेब शिमोनच्या कागदांत मला दिसत नाही. जिंकलो नाही तर काय, याची एकही ओळ त्यांत नाही. पण गावं जाळणारे हात हेड्रियनचे आणि सेव्हेरसचे होते. हे विसरून सगळा दोष बंडखोराच्या माथी मारणं, म्हणजे साम्राज्याच्या बखरीवर सही करणं. मसीहा आणि लबाड या दोन्ही पदव्या त्याला लोकांनी दिल्या. त्याच्या कागदांनी दिलेली पदवी शासकाची आहे. साडेतीन वर्षं त्यानं जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्तेसमोर टाकसाळ चालवली, खंड वसूल केला, सण पाळला. ते राज्य धाकावर चाललं, आणि प्रजेला वाचवण्याची त्याच्याकडे दुसरी वाट नव्हती. त्याचा न्याय करायचा तर या सगळ्यासकट करायला हवा.

बेतारनंतर ज्यूंचं केंद्र उत्तरेला गालीलमध्ये गेलं. तिथे इ. स. 200 च्या सुमारास रब्बी येहुदांनी मिश्ना हा धर्मग्रंथ संकलित केला. लोक त्यांना येहुदा हनासी म्हणत, म्हणजे शिमोननं नाण्यांवर कोरलेलीच पदवी. त्या ग्रंथात आव नवमीच्या आपत्तींमध्ये बेतार पडल्याची नोंद आहे. किल्ला कोण लढवत होता, त्याचं नाव त्यात नाही.